उरलेली फ्रेम

कॅलेंडरचं पान त्यानं काउंटरवर पसरलं
आणि म्हणाला, हाऊ आमना गड शे. काच लाई द्या.
डोंगराच्या खांद्यावर दगडी शहर, पायऱ्या, ढग,
कोपऱ्यात बारीक अक्षरांत देशाचं नाव: पेरू.
मी हसले नाही. साठ रुपये ॲडव्हान्स घेतला,
पावतीवर लिहिलं, हिलाल वंजी, भामेर.

अकरा वर्षं झाली त्याला.
दोंडाईच्यातलं दुकान आवरतेय मी आता.
देव सगळे खपले. नवरा-नवरी ज्यांची त्यांनी नेली.
मेलेले तर कधीच मागे राहत नाहीत,
त्यांना तेराव्याची घाई असते.
राहिलं ते हे एक शहर,
दर सोमवारी काच पुसायची मी त्याची.

निजामपूरपर्यंत बस. पुढे काळी-पिवळी.
मांडीवर फ्रेम, पायाशी कुणाच्या तरी कांद्याचं पोतं.
गावाआधी पवनचक्क्या दिसल्या,
त्यातली एक थांबलेली.
मग दरवाजा, वर काहीच नसलेला,
त्याच्या नक्षीच्या खांबाला बांधलेली म्हैस.
हिलालचं घर विचारत गेले तशी
गडच भेटत गेला घराघरातून:
उंबऱ्याला एक शिळा, गोठ्याला दुसरी,
आणि एका न्हाणीत धुणं आपटायला
अर्धं कमळ.

झुंबरबाई दारातच म्हणाली,
त्या ते सुरतले गयात. मंग काई फोन नही.
किती वर्षं, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
कागद सोडू लागले तर तिनं हात धरला.
पहिले गड देखा. इतलं लांबतून उन्यात.

ती पुढे, अनवाणी.
मी मागे, शहर छातीशी धरून.
कातळात खोदलेली दालनं, एकापुढे एक,
काही खांब अर्धेच सुटलेले डोंगरातून,
छिन्नीच्या तिरप्या रेघा अशा
की कारागीर पाणी प्यायला गेलाय, येईलच.
कोन ऱ्हाये आठे? मी माझ्या मोडक्या अहिराणीत.
राजा व्हता म्हंतस. मंग कथा गया, कोनले मालूम.
हे तिनं सुरतसारखंच सांगितलं.

तिसऱ्या दालनात ती वाकून शिरली,
जशी आपण आपल्याच घरात शिरतो, कपाळ सांभाळून.
लगीन व्हयनं त्या साले घर पडनं.
चार महिना आठेच ऱ्हायनूत.
छताला चुलीचा काळा डाग.
मी हात लावला तर बोट काळं झालं.

वर, टाक्याच्या काठावर बसून
कागद सोडला आम्ही.
मी सांगितलं, हा पेरू देश.
पेरू? त्या ते आमना मळामा बी शेतस.
मग लामाच्या लोकरीवर बोट ठेवून,
हाई कसानी बकरी शे? देखा तिनी मान!
हसली. हसता हसता थांबली.
काच तिरपी केली, पुन्हा सरळ,
भिंती मोजल्यासारख्या पाहिल्या, आणि म्हणाली,
पानी कथा शे यामा?

पाचशेहून जास्त सोमवार पुसलं मी ते.
पायऱ्या पाठ होत्या. दारं पाठ होती.
पाणी कुठं, हे मी कधी शोधलं नव्हतं.
आमच्या पायाखाली टाक्यात हिरवं, थंड पाणी,
त्यात ढग, आणि दोन बायांची डोकी.

घरी तिनं खिळा ठोकला तो वाकला.
दुसरा ठोकला, तोही.
भिंत पांढऱ्या मातीची दिसत होती, आतून गड होता.
शेवटी देवळीत बसवली फ्रेम,
चिमणीच्या बाजूला, थोडी कलती.

बाकी एकशे चाळीस होते.
नको म्हणत होते तरी तिनं
माझ्या पदरात नऊ पेरू ओतले,
दोन पोपटांनी टोचलेले.
मी पावतीवर लिहिलं, बाकी मिळाली. सही केली.

जीप निजामपूरच्या वळणावर आली तेव्हा समजलं
पेन तिथंच राहिलं, देवळीत.
थांबलेली पवनचक्की अजून थांबलेलीच होती.